नकाशांत नसलेली जागा

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हातांत घेऊन फिरणाऱ्या नवख्या माणसास तो नकाशा खोटा आहे असें कोणीं सांगितलें तर त्यास तें पटणार नाहीं; कारण त्याच नकाशाच्या आधारानें तो इच्छित स्थळीं बिनचूक पोंचलेला असतो. तथापि एका अर्थीं तो खोटा आहे यांत शंका नाहीं. हॅरी बेक नांवाच्या आरेखकानें १९३१ सालीं तो फावल्या वेळांत काढला. रेल्वेच्या कचेरीनें प्रथम नाकारला, आणि १९३३ सालीं तो छापून प्रवाशांच्या हातीं आला. जो मनुष्य जमिनीखालून जात आहे त्यास जमिनीवरील अंतरांशीं काय कर्तव्य आहे, असा बेकचा विचार दिसतो. म्हणून त्यानें वळणें सरळ केलीं. रेषा उभ्या, आडव्या व तिरप्या एवढ्याच ठेवल्या. मध्यभागाची दाटी पसरून मोकळी केली, दूरचीं उपनगरें आंत ओढून घेतलीं, आणि वरच्या सृष्टीपैकीं एक थेम्स नदी तेवढी राहूं दिली.

ह्यास असत्य म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. वाट पुसणाऱ्यास 'तिसऱ्या वडापाशीं वळा' म्हणून सांगणारा शेतकरी दोन वडांमधील अंतर सांगत नाहीं. म्हणून तो लबाड ठरत नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर मागितलें त्याचें त्यानें चोख दिलें. मला जी भीति वाटते ती निराळी आहे. नकाशानें जें सोयीसाठीं गाळलें, तें नाहींच असें नकाशा वापरणाऱ्यास हळूहळू वाटूं लागतें. दोन ठिपक्यांच्या मध्यें कांहीं नाहीं. आणि मध्यें जर कांहीं नाहीं, तर मध्यें भेटणारीं माणसेंही कोणी नव्हत!

ही वृत्ति बेकपेक्षां जुनी आहे. वाफेच्या इंजिनांवर चालणारी पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत १८६३ सालीं सुरू झाली. पुढें १८९० सालीं खोल बोगद्यांतून विजेवर धांवणारी रेल्वे निघाली, तेव्हां तिच्या डब्यांना खिडक्या म्हणून केवळ बारीक फटी ठेवल्या होत्या. भुयारांत पाहण्यासारखें आहेच काय, असा बांधणारांचा हिशेब! स्थानकांचीं नांवें रेल्वेचे नोकर ओरडून सांगत. लोकांनीं त्या डब्यांना वेड्यांच्या इस्पितळांतील गाद्या लावलेल्या कोठड्यांचें नांव दिलें, आणि नंतरच्या डब्यांना खिडक्या आल्या. बाहेर अंधारच असतो; परंतु त्या कांचेंत समोरच्या माणसाचें प्रतिबिंब दिसतें.

आमच्याकडील आगगाडींत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत गांव, नोकरी, मुलेंबाळें आणि जमल्यास पगारही विचारून होतो. तेथील डब्यांत शंभर माणसें गुडघ्यास गुडघा लावून बसतात आणि शब्द निघत नाहीं. प्रथम मला हा उर्मटपणा वाटला. चार दिवसांनीं तोच सद्गुण वाटूं लागला. सरकत्या जिन्यावर उभें राहणारानें उजवीकडे राहावें आणि घाईच्या माणसास डावी बाजू मोकळी ठेवावी, हा तेथील रिवाज. डोळे आवरणें हाही मला त्याच जातीचा रिवाज वाटला. जेथें अंगास जागा देतां येत नाहीं, तेथें निदान मनास तरी द्यावी.

ह्या मताला पुष्टि देणारी एक हकीकत तेथेंच घडलेली आहे. गाडी आणि फलाट यांमधील फट सांभाळा, असा इशारा नॉर्दर्न मार्गावर ऑस्वल्ड लॉरेन्स नांवाच्या नटाच्या आवाजांत वाजत असे. तो २००७ सालीं वारला. त्यानंतर त्याची पत्नी तो आवाज ऐकण्यासाठीं एम्बॅंकमेंट स्थानकाच्या फलाटावर जाऊन बसे. २०१२ सालीं तेथें नवा आवाज आला; तिनें विचारणा केली, आणि २०१३ सालीं रेल्वेनें त्या एका फलाटापुरता जुना आवाज परत आणला. गाड्या येतात, जातात, आणि एक बाई कोणत्याच गाडींत न चढतां बसून राहते. आमच्यासारख्या कनवाळू प्रवाशानें तिच्याजवळ जाऊन 'बाई, वाट चुकलां काय?' म्हणून विचारलें असतें, तर तिचें केवढें नुकसान केलें असतें!

येथवर माझा युक्तिवाद मला निर्दोष वाटत होता. परंतु एके सायंकाळीं पिकॅडिली मार्गानें जात असतां माझ्या शेजारीं बसलेली एक स्त्री रडत आहे असें माझ्या ध्यानांत आलें. आवाज नव्हता, खांदा मात्र माझ्या खांद्याला लागून हलत होता. समोरच्या सर्वांनीं डोळे आवरले होते. मींही आवरले, आणि नकाशा उघडून जें स्थानक मला तोंडपाठ होतें तें त्यांत शोधूं लागलों. लेस्टर स्क्वेअरला ती उतरली. मलाही तेथेंच उतरावयाचें होतें. पण मी उठलों नाहीं. मी पाठीमागून येत आहें असें तिला वाटूं नये, असें कारण मीं मनाशीं सांगितलें.

तें कारण खोटें नव्हतें. पण तेंच एक कारण होतें काय? आदर आणि अंगचोरपणा यांचें बाह्य रूप एकच असतें: दोन्हींत मनुष्य स्वस्थ बसतो. ज्या आदरासाठीं मला कांहींच खर्चावें लागत नाहीं, त्याचा संशय मीं धरावयास नको काय? उलट, मी बोललों असतों तर तें तिच्या दुःखासाठीं, कीं माझी बेचैनी घालविण्यासाठीं, हेंही मला सांगतां येत नाहीं. एवढें मात्र सांगतां येतें, कीं एम्बॅंकमेंटच्या बाईचा दाखला ह्या प्रसंगीं मला उपयोगी पडेना. तेथें नवऱ्याचा आवाज सोबतीस होता. येथें काय होतें तें मला ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक करून घेण्याची वाट मीं शिष्टाचाराच्या नांवाखालीं बंद केली होती.

पुढचें स्थानक कॉव्हेंट गार्डन. नकाशांत हें अंतर इतर अंतरांसारखेंच दिसतें. वस्तुतः तें सुमारें २६० मीटर, साऱ्या भुयारी रेल्वेंत सर्वांत लहान. लिफ्टमधून वर आलों आणि पायींच मागें फिरलों. चार-पांच मिनिटांची वाट. लेस्टर स्क्वेअरच्या तोंडाशीं माणसांचा लोंढा बाहेर पडत होता. मी कांहीं वेळ तेथें थांबून बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिलों. ती त्यांत असती तरी मला ओळखूं आली नसती. शेजारीं बसून मीं तिचा चेहरा पाहिलाच नव्हता.