दोन्ही घरं आपलीच असतील तर?
 

विभीषणाला आपण भक्त म्हणतो आणि घरभेदीही म्हणतो. अभ्यासवर्गात त्यावरून प्रश्न निघाला की दोन्ही घरं आपलीच असतील तर धर्म कुणाकडे? रामकथेत उत्तर सोपं आहे, कारण तिथे एका बाजूला साक्षात राम उभे आहेत. जिथे दोन्हीकडे नुसती माणसंच असतात तिथलं काय? म्हणून आज जॉर्ज बेंटबद्दल लिहितो आहोत.

जॉर्जचा जन्म 1843चा, अमेरिकेतल्या आजच्या कोलोरॅडो भागातला. वडील विल्यम बेंट गोरे व्यापारी. आई आउल वुमन शायेन जमातीची. आजोबा जमातीच्या पवित्र बाणांचे राखणदार, म्हणजे आपल्याकडच्या पुजारी घराण्यासारखंच समजा. मुलगा लहानपणी शायेन बोलला, पुढे वडिलांनी शिकायला मिसूरीत गोऱ्यांच्या शाळेत घातला. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढला, पकडला गेला, सुटून घरी आला आणि आईच्या माणसांत राहू लागला.

29 नोव्हेंबर 1864. सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो लोकांचा तळ होता. प्रमुख ब्लॅक केटल तहाच्या बाजूचे, त्यांनी अमेरिकेचा झेंडाही उभारला होता. पहाटे कर्नल शिव्हिंग्टनच्या सैन्याने हल्ला केला. (हे गृहस्थ पूर्वी चर्चचे धर्मोपदेशक होते. नामाच्या जोडीला दया नसेल तर काय होतं ते बघा.) दीडशेहून जास्त माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. जॉर्ज तळातच होता. वाळूत खड्डे खणून लोक लपले, त्यांत तोही. कमरेला गोळी लागली, पण वाचला.

आणि सैन्याला वाट दाखवायला कोण होतं? त्याचा सख्खा मोठा भाऊ रॉबर्ट! त्याला जबरदस्तीने नेलं होतं. आम्ही इथे बराच वेळ थांबलो. एक भाऊ खड्ड्यात, दुसरा सैन्याबरोबर, आणि दोघांची आई एकच. रॉबर्टला पटकन घरभेदी म्हणावंसं वाटतं. पण पुढच्या वर्षी चौकशी झाली तेव्हा त्यानेच डोळ्यांनी पाहिलेलं सगळं साक्षीत सांगितलं, तेही सैन्याविरुद्ध. मग त्याला कुठल्या बाजूचा म्हणायचं?

जॉर्ज काही काळ शायेन योद्ध्यांबरोबर गोऱ्यांवरच्या हल्ल्यांत लढला. त्यातही निरपराध मेले, ते झाकून चालणार नाही. पुढे तो सरकारचा दुभाषी झाला. दुभाष्यावर दोन्हीकडचे संशय घेतात. बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या आपल्या मंडळींना दोन भाषांत जगणं ठाऊक आहे, पण आपल्या जगण्यात कुणी बंदूक रोखलेली नसते, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

1890च्या सुमारास जमिनीच्या करारासाठी त्याने सरकारला मदत केली आणि जमातीची बरीच जमीन गेली. आमच्या मते इथे तो चुकला. दोन्ही घरं सांभाळताना त्याने दुबळ्या घराचा तोल सोडला.

तरी म्हातारपणी त्याच माणसाने शाळेत शिकलेल्या इंग्रजीत पत्रामागून पत्र लिहून शायेनांच्या आठवणी जॉर्ज हाइड नावाच्या अभ्यासकाला कळवल्या. 1918 मध्ये तो गेला. त्या पत्रांचं पुस्तक निघालं 1968 मध्ये, तेव्हा लिहिणाऱ्याला जाऊन पन्नास वर्षं झाली होती.