पैशाची वर्गणी आणि प्रकाशाचा कण

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना हे, अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेप्रमाणे माणशी दरसाल एक पैसा वसूल करून जमविलेल्या निधीचे फळ होय. रुपयाचे चौसष्ट पैसे होत असत त्या काळी एकट्या पैशाची मातब्बरी ती काय! परंतु जमाखर्चाच्या वहीत बेरीज पडली आणि तिच्यातून भट्टी पेटली.

या बेरजेवरून न्याय-वैशेषिकांचा एक सिद्धांत आठवतो. एकत्व द्रव्याच्या ठायी स्वतःच असते. द्वित्वापासून पुढील संख्या मात्र मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होतात व तिच्याबरोबरच मावळतात. तर मग बेरीज सृष्टीत आहे, की केवळ आपल्या दफ्तरात?

पदार्थविज्ञानाचा पैसा म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट: एका व्होल्टाचे विभवांतर ओलांडताना एका इलेक्ट्रॉनास लाभणारी ऊर्जा. एक जूल भरावयास असे ६२४ वर १६ शून्ये इतके नग लागतात. रासायनिक बंधांचा व्यवहार या मापाच्या एककांत, अणुकेंद्राचा लाखांत-कोटींत चालतो. दृश्य प्रकाशाच्या एकेका कणापाशी सुमारे पावणेदोन ते सव्वातीन इतकीच पुंजी असते. काचेतील इलेक्ट्रॉनास वरच्या पायरीवर चढविण्यास ती अपुरी पडते, आणि सामान्यतः दोन कण मिळून वर्गणी करू शकत नाहीत. म्हणूनच काच पारदर्शक! पैशापैशाने उभ्या राहिलेल्या कारखान्याचा माल बेरीज न जाणणाऱ्या कणांमुळे स्वच्छ दिसावा, यात मला मोठी मौज वाटते.

येथे नैयायिकांचा जय झाला असे म्हणावे, तो भट्टी आडवी येते. सुमारे चौदाशे अंशांवर एकेका अणूच्या वाट्यास इलेक्ट्रॉन-व्होल्टाचे काही दशांशच येतात. सिलिकॉन व प्राणवायू यांचा बंध सोडविण्यास त्याच्या अनेक पट लागते. तरीही असंख्य धडकांत शेजाऱ्यांचे थोडेथोडे एखाद्यापाशी साचते, बंध सुटतो आणि काच वाहू लागते. ही वर्गणी कोणी मोजली?

दोन परमाणूंच्या द्वित्वावाचून द्व्यणुकास परिमाण येत नाही आणि ते द्वित्व मोजण्यास आरंभी मनुष्य नव्हता. सबब ईश्वराची अपेक्षाबुद्धी मानलीच पाहिजे, असे नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त प्रतिपादिले आहे. युक्तिवाद बांधेसूद आहे, पण मला तो पटत नाही. भट्टीतली बेरीज हिशेबनिसाची वाट पाहत नाही, असेच मी म्हणेन. मात्र त्याच कारखान्यात, त्याच वाळूच्या ठायी, उष्णतेस जी वर्गणी साधते ती प्रकाशास का नाकारली जावी, याचे उत्तर पदार्थविज्ञान नियमाच्या भाषेत देते. तो नियम कोणाच्या सनदेने चालतो, हे विचारण्याचा उदयनाचार्यांचा हक्क मला रद्द करता येत नाही.