वेगमर्यादकाचा संयम आणि चालकाचे शील

माणसाच्या हातून घडू शकणारे दुष्कृत्य एखाद्या यंत्राने अशक्य करून ठेवले, तर ते न घडल्याचे पुण्य कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तात्त्विक वाटतो. परंतु कारखान्यातून संगणकाविना बाहेर पडलेल्या जुन्या जीपगाड्यांमध्ये आणि मोटारींमध्ये पुढे वेग मोजणारी आणि वेग रोखणारी संगणकीय उपकरणे बसवली जाऊ लागली, तेव्हापासून तो प्रत्यक्ष रस्त्यावर येऊन उभा राहिला आहे. गोंदिया जिल्ह्यात तर त्याला विशेष धार आहे, कारण येथील मुख्य रस्ते वाघ, बिबट, चितळ आणि रानडुकरांच्या जंगलातून जातात, आणि याच जिल्ह्यातील अनेक वस्त्यांच्या बुद्धविहारांत प्राणिहत्येपासून परावृत्त राहण्याचे पहिले शील नित्य म्हटले जाते.

उपकरणाचे कार्य नीट समजल्याखेरीज प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही. जुन्या डिझेल जीपमध्ये इंधनपंप, ॲक्सिलरेटरची जोडणी आणि गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत फिरत जाणारी केबल एवढ्यावर सारे चालते. ही केबल तुटली की वेगाचा काटा शून्यावर पडून राहतो आणि गाडी मात्र धावतच असते. अशा गाडीत संगणक बसवताना गिअरबॉक्सच्या बाजूला सेन्सर, म्हणजे फिरत्या भागाच्या फेऱ्यांचे विजेच्या स्पंदांत रूपांतर करणारा छोटा घटक, जोडतात. नियंत्रक पेटी ती स्पंदने मोजून वेग काढते, आणि ठरवलेली मर्यादा गाठली जाताच इंधनाच्या नळीतील झडप आवळून इंजिनाला मिळणारे इंधन कमी करते. स्पीड गव्हर्नर म्हणून ओळखले जाणारे उपकरण ते हेच. यातलाच सौम्य प्रकार असा, की पेटी इंधनाला हात लावत नाही, फक्त पडद्यावर वेग दाखवते आणि मर्यादा ओलांडताच आवाज करते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८ व्या नियमाने, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, अनेक प्रकारच्या व्यावसायिक वाहनांना गव्हर्नर बंधनकारक केला असून त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर, तर शाळेच्या बस, डंपर आणि टँकर यांच्यासाठी ६० किलोमीटर आहे. खाजगी मोटारीच्या मालकावर असे बंधन नाही. त्याने उपकरण बसवले तर ते स्वेच्छेने. हा फरक पुढील विवेचनात निर्णायक ठरतो.

डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरला आहे, आणि साकोलीहून सडक अर्जुनी, देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणारा वन्यप्राण्यांचा मार्ग कापत जातो. कोहमाऱ्याहून गोंदियाकडे निघणारा रस्ताही मुरदोलीच्या जंगलातून जातो. याच जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये एका मोटारीच्या धडकेने तरुण वाघ जखमी झाला आणि मरण पावला. अशा रस्त्यावर वेगाचा अर्थ साध्या गणितात मांडता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ३३ मीटर सरतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागूनही गाडी थांबेपर्यंत एकूण अंतर ७० मीटरच्या घरात जाते. वेग निम्मा केला तर हेच अंतर २५ ते ३० मीटरवर येते. रात्री डिपरच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, त्याच्या पुढे जाऊन थांबणारी गाडी ही आंधळेपणाने चाललेली गाडी होय.

आता यातील नैतिक बाजू पाहावी. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या नावावर असलेल्या अट्ठकथांत, म्हणजे पाली ग्रंथांवरील भाष्यांत, प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी असल्याचे जाणणे, मारण्याची इच्छा, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून घडलेला मृत्यू. वळणावर अचानक आलेल्या चितळाला गाडीची धडक बसली, तर यातील इच्छेचे अंग नसल्याने शीलभंग झाला असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. मात्र त्याच परंपरेने विरतीचे, म्हणजे वाईटापासून दूर राहण्याचे, तीन प्रकारही मानले आहेत. कोणतेही व्रत घेतलेले नसताना प्रसंग समोर आल्यावर विवेकाने माघार घेणे ही संपत्त-विरती. आधी शील ग्रहण करून त्याला जागणे ही समादान-विरती. आणि आर्यमार्गावर पोहोचलेल्याच्या ठिकाणी वाईटाची प्रवृत्तीच मुळातून तुटणे ही समुच्छेद-विरती. कायद्याने बसवलेल्या गव्हर्नरमुळे ज्याची जीप ८० च्या पुढे जात नाही, त्याचा संयम या तिन्हींपैकी कशातच बसत नाही, कारण तेथे प्रसंगही टळलेला असतो आणि संकल्पही झालेला नसतो. म्हणूनच गाडी पासिंगला नेण्यापुरता गव्हर्नर चालू ठेवून नंतर त्याची वायर काढून टाकण्याचा प्रकार घडू शकतो. इच्छा आहे तिथेच राहिलेली असते, अडवलेला असतो तो फक्त इंधनाचा प्रवाह.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला तत्त्व आणि नियम यांतील भेद अत्यंत उपयोगी पडतो. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात आणि पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की नियम काय करायचे ते सांगून मोकळा होतो, तर तत्त्व माणसाला निर्णयाचे स्वातंत्र्य देते आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही टाकते. बुद्धाने अहिंसा नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून सांगितली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १९५४ साली भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी लढवली तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. त्यामुळे या भूमीत हा भेद पुस्तकी राहत नाही. गव्हर्नर हा नियमाचा सर्वांत शुद्ध नमुना होय, इतका शुद्ध की त्याला माणसाच्या संमतीचीही गरज नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की रस्ता ओलांडणाऱ्या चितळाला चालकाच्या अंतःकरणाशी काही देणेघेणे नाही. गाडी कशानेही मंदावली तरी त्याचा जीव वाचतो. हा आक्षेप पूर्णपणे मान्य केला पाहिजे. सक्तीचा गव्हर्नर नैतिकदृष्ट्या कोरा असला तरी जीव वाचवणारा आहे, आणि वाचलेला जीव ही कमी मोलाची गोष्ट नव्हे; त्याने चालक शीलवान होत नाही, एवढेच येथे म्हणायचे आहे.

इच्छेचा अभाव हे निर्दोषत्वाचे प्रमाण मानण्यात जी उणीव राहते, ती जैन परंपरेने अधिक स्पष्टपणे ओळखली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे, आणि साधूंसाठी सांगितलेली ईर्यासमिती ही तर चालण्याचीच शिस्त आहे: पुढची सुमारे चार हात जमीन डोळ्यांनी तपासत, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकायचे. दिसणाऱ्या अंतरातच थांबता येईल एवढा वेग ठेवणे हे वाहनचालकाच्या बाबतीत याच समितीचे रूप मानावे लागेल. बौद्ध परंपरेतही मिलिंदप्रश्नात ग्रीक राजा मिलिंद विचारतो, की जाणून पाप करणाऱ्याचा दोष मोठा की नकळत करणाऱ्याचा, आणि नागसेन नकळत करणाऱ्याचा म्हणतो, कारण तापलेला लोखंडी गोळा न जाणता पकडणाऱ्याचा हात अधिक भाजतो. तुटलेल्या केबलची जीप हाकणारा माणूस नेमका या स्थितीत असतो: त्याला आपल्या वेगाची जाणीव नसते, आणि काटा पडल्याचे ठाऊक असूनही तो दुरुस्त न केल्याने हे अज्ञानही त्याने स्वतः पत्करलेले असते.

म्हणून धर्मदृष्ट्या विचार केल्यास, जुन्या गाडीत बसवलेल्या संगणकाचे खरे मोल त्याच्या रोखण्यापेक्षा त्याच्या कळवण्यात आहे. वेग दाखवून सावध करणारी पेटी चालकाचे अज्ञान दूर करते आणि निर्णय त्याच्याच हाती ठेवते. त्या क्षणी त्याने पाय मागे घेतला तर ती खरीखुरी विरती असते. खाजगी मोटारीच्या मालकाने स्वतः होऊन मर्यादा बसवून घेतली, तर ते आणखी पुढचे पाऊल होय, कारण मोहाच्या वेळी आपले मन डळमळेल हे ओळखून त्याने शांत मनाने आधीच संकल्प केलेला असतो, आणि समादान-विरतीचे स्वरूप यापेक्षा वेगळे नाही. यंत्र तेच, झडप तीच, तरी एकाच्या गाडीत ती सक्ती असते आणि दुसऱ्याच्या गाडीत ते शील असते.

मात्र कायद्याच्या गव्हर्नरला जंगल कळत नाही. दुपारच्या मोकळ्या महामार्गावर आणि मध्यरात्रीच्या मुरदोलीत त्याची मर्यादा एकच, ताशी ८०. त्यामुळे ७५ किलोमीटर वेगाने जंगलात शिरणारी जीप त्याच्या लेखी निर्दोष असते, जरी तिला थांबायला लागणारे अंतर तिच्या दिव्यांच्या पल्ल्याबाहेर गेलेले असले तरी. कोहमाऱ्याला वळण घेतल्यावर मर्यादा ४० वर आणायची की नाही, हे ठरवणारे कलम नियम ११८ मध्ये नाही, आणि ते त्या पेटीला चालकानेच सांगायचे आहे.