सुरखी ते सिमेंट

सिमेंटचा इतिहास आपल्याकडे बहुधा 1824 पासून सांगतात. त्या वर्षी लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. मला ही गोष्ट तापीकाठून सांगावीशी वाटते.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज तापीकाठच्या सुरतेवर चालून गेले, तेव्हा शहराचा कोट मातीचा होता. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. पुढे औरंगजेबाने विटांचा कोट बांधायला लावला. इतिहासात दगड-विटांची नोंद होते. त्यांना धरून ठेवणाऱ्या चुन्याची सहसा होत नाही.

साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो. जाड भिंतीच्या पोटात किंवा पाण्याखाली हवाच नसते, म्हणून तिथे तो कच्चाच राहतो. ज्या नदीत भरतीचे पाणी चढते आणि पूर पाचवीला पुजलेला, तिच्या काठी ही अडचण मोठी. आपल्या गवंड्यांकडे तिच्यावर उपाय होता सुरखीचा, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीचा. गोल चरात मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी टाकायची आणि बैल जुंपून दगडी चाक फिरवत राहायचे. मिश्रण लोण्यासारखे होईपर्यंत घाणी थांबत नसे. फार कडक भाजलेली वीट सुरखीला चालत नाही, जरा कमी भाजलेलीच चांगली. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी पाण्यातच संयोग पावते, आणि जास्त आचेने तिची ही ताकद जाते.

रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. नदीची किंवा समुद्राची वाळू वापरताना तिच्यात कुटलेले खापर घाला, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. इंग्लंडमध्ये एडिस्टनचे दीपगृह बांधायला निघालेल्या जॉन स्मीटनने 1756 च्या सुमारास निरनिराळ्या चुनखड्या आम्लात विरघळवून पाहिल्या. ज्यांच्यात चिकणमातीचा अंश उरला, त्यांचाच चुना पाण्यात घट्ट होत होता. स्मीटनचे मोठेपण मी इथे मानतो: कारागिराच्या हातातली गोष्ट त्याने कारणासकट मांडली. मग चुनखडी आणि माती एकत्रच भाजू लागले, भट्टीची आच सुमारे 1450 अंशांपर्यंत गेली आणि आजचे सिमेंट आले. गुजरातमध्ये पोरबंदरला 1914 मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. हळूहळू घाण्या बंद पडल्या, आणि सुरखीची पारख असलेले हातही गेले.

त्या आचेची किंमत आता कळते आहे. इंधनाचा धूर तर आहेच, पण चुनखडी स्वतःच भाजताना त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणून क्लिंकरचा, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या भाजक्या खड्यांचा, निम्मा वाटा काढून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी घालण्याचे तंत्र स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींनी मिळून विकसित केले. माती भाजायची जेमतेम 700 ते 850 अंशांवर. भारतीय मानक ब्युरोने 2023 मध्ये अशा सिमेंटचे मानकही काढले. स्थापत्याच्या वर्गात ते शिकवताना स्मीटनच्या शेजारी सुरखी कुटणाऱ्यांचा धडा असावा, एवढा त्यांचा हक्क आहे.