आकसलेले म्यान

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण म्यानात त्याची स्वतःची कट्यारही शिरेनाशी झाली तर काय करावे, हे कोणतीच म्हण सांगत नाही. खंडेनवमीला जुनी शस्त्रे पूजेसाठी काढणाऱ्या घरांतून हा प्रश्न पडतो. चामडे वाळून आकसलेले, शिवण उसवलेली; पाते चार बोटे बाहेरच राहते.

घरचे उपाय दोन. तेल चोळायचे, नाहीतर पाण्यात भिजवून ताणायचे. दोन्ही मायेपोटी होतात आणि दोन्ही घातक ठरतात. चामडे म्हणजे दोरासारख्या पिळलेल्या तंतूंची वीण. हिरडा-बाभळीच्या रसात कमावलेले नवे ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते. वर्षानुवर्षांच्या हवेने तंतू खचले की ही मर्यादा पुष्कळ खाली येते. मग पाणी आणि थोडी ऊबही पुरते. चामड्याचाच उकळून सरस करतात ना? तीच वाट ही. तेलाने मऊपणा येईल, गेलेली लांबी येणार नाही; उलट धूळ चिकटेल, पितळी टोपीवर हिरवा कळंक चढेल.

संग्रहालयांतले जाणकार म्हणून ओढाताण करीत नाहीत. पाते वेगळे ठेवतात, कारण चामड्यातील आम्ले आणि ओल यांनी पोलाद गंजते. म्यानाला आतून मऊ आधार देतात. खंड पडलेल्या जागी नवी पट्टी बसवतात. रंगाने ती मिळतीजुळती, पण जवळून पाहणाऱ्याला नवी म्हणून ओळखू येणारी. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिस येथे झालेल्या सनदेतही हाच विवेक आहे: जेथे तर्क सुरू होतो तेथे डागडुजीने थांबावे.

यावर कोणी म्हणेल, पाते न सामावणारे म्यान ठेवायचे कशाला? आक्षेप खोटा नाही. वस्तू कामासाठीच जन्मते. पण काम संपले की आपले तिच्याशी असलेले नातेही संपते काय? तसे असेल, तर घरातल्या थकलेल्या माणसांनी आपल्याकडून काय अपेक्षा ठेवावी? त्यांना पूर्वीसारखे व्हा म्हणून ओढणे आणि निरुपयोगी म्हणून अडगळीत टाकणे, या दोन्हींत एकच नकार आहे: आज ती जशी आहेत तशी पाहण्याचा. मायेला हे पाहणे सर्वांत जड जाते. पण खरी दुरुस्ती तेथूनच सुरू होते.

तेव्हा येत्या खंडेनवमीला कट्यार म्यानात कोंबू नये. पाटावर दोन्ही शेजारी मांडावीत. हळदकुंकवाचे बोट चामड्याला न लावता पाटालाच लावावे. पूजेत काही उणे राहणार नाही.