तारपेवाल्याचा मान

स्नेहसंमेलन आलं की शाळेत ‘आदिवासी नृत्य’ ठरतं. पानांचे घागरे, तोंडाला रंग आणि स्पीकरवर सिनेमातलं गाणं. यात आदिवासींचं काय असतं?

पालघरच्या वारली पाड्यांवर भात तयार झालं की फुंकून वाजवायचा तारपा घुमू लागतो. सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण यांतून तो घडतो. नाचणारे तारपेवाल्याभोवती फेर धरतात, पण त्याला पाठ दाखवत नाहीत. लग्न लावणारी स्त्री, म्हणजे धवलेरी, लग्नात गाते ती गाणी तर विधीची. ती रंगमंचावर आणायची नसतात.

शिक्षकहो, तारपा शिकवायचा तर तारपेवाल्यालाच सन्मानाने वर्गात बोलवा, मानधन द्या आणि मुलांना काय शिकवायचं, हेही त्यालाच ठरवू द्या.