पुसता येणारी चूक

समजा, अर्जुनी मोरगावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने ठरवलं, की धानाच्या पंपाला लागणाऱ्या ऑटो स्विचची पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, आपणच करायची. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा हा डबा. त्यातलं सर्किट त्याला कळतं. कीकॅडसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो नकाशाही काढू शकतो. अडतं ते पुढच्या पायरीवर. हा नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा कसा? झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट काढून इस्त्रीने चिकटवायचा, प्रकाशाने कडक होणारी फिल्म लावून उन्हात धरायचा, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीन करून घ्यायची, की फाइल सरळ कारखान्याला पाठवून मोकळं व्हायचं? असा तरुण समोर बसला आहे असं धरून त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा हा प्रयत्न आहे. प्रश्न छपाईचा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: काम चांगलं म्हणजे कसं?

त्याचा पहिला सवाल सरळ असेल. “भाऊ, सगळ्यात बारीक रेघ कशात येते तेवढं सांगा. तीच रीत धरतो.” उत्तर सोपं आहे. पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ केला. तेव्हापासून आजवर मूळ युक्ती एकच आहे. जे तांबं ठेवायचं ते झाकायचं, उरलेलं फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाने खाऊ द्यायचं. झाकण्याच्या रीती तेवढ्या वेगळ्या. इस्त्रीने चिकटवलेल्या टोनरमध्ये पाव ते अर्ध्या मिलिमीटरची रेघ नीट येते. फोटोफिल्ममध्ये त्याच्याही निम्म्याने बारीक येते. पण तुला बारीक रेघ हवी कशाला? ऑटो स्विचमध्ये एक ट्रान्सफॉर्मर, एक-दोन रिले आणि मूठभर सुटे भाग. घरगुती कामाला मिळणाऱ्या पत्र्यावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, आणि त्यावर १ मिलिमीटर रुंदीची रेघ साधारण २ अँपिअर सहज वाहून नेते. मेनच्या विजेच्या दोन रेघांमध्ये तर काही मिलिमीटरचं अंतर मुद्दाम सोडावं लागतं. म्हणजे इथे बारीकपणा हा गुण कामाचाच नाही. रीत निवडायची ती वेगळ्या कसोटीवर: झालेली चूक कधी दिसते, आणि ती पुसायला किती खर्च येतो?

या कसोटीवर टोनरची रीत घासून बघ. टोनर म्हणजे रंगवलेली प्लॅस्टिकची पूड. प्रिंटर ती तापवून कागदावर बसवतो, इस्त्री तीच पुन्हा वितळवून तांब्यावर बसवते. इंकजेटची साधी शाई इथे चालत नाही, ती पाण्यासोबत निघून जाते. गुळगुळीत कागदावरची प्रिंट घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर पालथी ठेवायची, इस्त्री दाबून फिरवायची, मग पाण्यात भिजवून कागद बोटाने चोळून काढायचा. आता तांब्यावर काळी नक्षी उघडी पडते, आणि तिच्यातला प्रत्येक दोष डोळ्यांना दिसतो. रेघ तुटली असेल तर पर्मनंट मार्करने जोडता येते. दोन रेघा चिकटल्या असतील तर ब्लेडच्या टोकाने सोडवता येतात. नक्षी उलटी बसण्याची चूक नवख्याकडून हटकून होते. त्यासाठी नकाशाच्या कोपऱ्यात एक अक्षर टाकून ठेवावं. कागदावर ते उलटं आणि तांब्यावर सुलटं दिसलं, तर सगळं ठीक. सगळंच बिघडलं तर ॲसिटोनने पुसायचं, पत्रा जसाच्या तसा. नुकसान काय, तर एक प्रिंट.

“पण फोटोफिल्म जास्त नेमकी आहे ना?” आहे, यात वाद नाही. तिला लागणारं सामानही दुर्मीळ नाही: पारदर्शक शीटवरची प्रिंट, अतिनील प्रकाश आणि धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी. फक्त तिच्यात दोष उशिरा कळतो. प्रकाश कमी पडला की जास्त, हे धुतल्याशिवाय समजत नाही. धुतल्यावर समजतं तेव्हा फिल्म वाया गेलेली असते. विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हावर बसवलेली वेळ आषाढातल्या ढगांखाली लागू पडत नाही. त्यासाठी दिवा आणि मोजून ठरवलेला वेळ हवा. एकदा ते गणित बसलं की ही रीत टोनरपेक्षा जास्त भरवशाची ठरते, आणि आयसीचे पाय अगदी जवळजवळ असतील तर तिला पर्यायही नाही. पण सुरुवात करणाऱ्याला आधी आपली चूक ओळखता यायला हवी. ती लपवून ठेवणारी रीत त्याला लवकर शिकवत नाही.

यावर तो तरुण खरा आक्षेप घेईल. “एवढी उठाठेव कशाला? फाइल पाठवली की कारखाना पाच-दहा बोर्ड घरपोच देतो. भोकांना आतून तांबं, वरून हिरवा थर, सगळं जागच्या जागी.” हे खरं आहे, आणि त्यासमोर घरचा बोर्ड दिसायलाही उणाच. पण कारखाना तुझ्या फाइलशी प्रामाणिक असतो, तुझ्या हेतूशी नाही. रिलेचे पाय तू चुकीच्या अंतरावर मांडले असशील, तर दहाही बोर्डांवर ते तितक्याच सफाईने चुकलेले येतील, आणि हे कळेल आठ-पंधरा दिवसांनी. घरी तेच दुपारपर्यंत कळतं. ब्रेडबोर्डवर आधी जुळवून बघावं म्हणशील, तर त्यावर मेनची वीज खेळवणं धोक्याचं, आणि भाग डब्यात बसतात का हे त्यावर कळतही नाही. तेव्हा पहिला नमुना घरी, टोनरने. नमुना पक्का झाल्यावर पन्नास नग हवे असतील, तर पत्रिकावाल्याची स्क्रीनसुद्धा चालेल. एका बाजूचे साधे बोर्ड कारखान्यांनीही याच रीतीने छापले आहेत.

मात्र हीच कसोटी आता माझ्या उत्तरावर उलटते. मी ‘चूक पुसता येते’ म्हणालो. कुणाला पुसता येते? टेबलावरची चूक तुला दिसते आणि तूच पुसतोस. पण तोच बोर्ड डब्यात बसून बांधावर गेला, की त्यातल्या चुकीची गाठ ओल्या हाताच्या शेतकऱ्याशी पडते. चार महिन्यांचा पावसाळा, दमट हवा, उघडं तांबं. स्वस्त फिनोलिक पत्रा तर ओल शोषतो. वार्निश मारून, ग्लास इपॉक्सीचा पत्रा वापरून धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून मेनच्या विजेचा जो बोर्ड विकायचा आहे, तो कारखान्यातूनच करून घ्यावा. घरच्या छपाईची हद्द तिथे संपते.

दुसरी चूक त्याहून चोरपावलांनी जाते. फेरिक क्लोराइडने खाल्लेलं तांबं नाहीसं होत नाही, द्रावणात उतरतं. १० बाय १० सेंटिमीटरच्या पत्र्यावर साधारण ३ ग्रॅम तांबं असतं; निम्मं खाल्लं तर दीड ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका बोर्डाचं सांडपाणी तीस हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. अर्जुनी मोरगाव तालुका कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा, नवेगाव बांधाचा आहे. मासे आणि पाण्यातले बारीक जीव तांब्याला माणसापेक्षा कितीतरी आधी बळी पडतात. “एका बोर्डाने काय होतंय?” हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही, नालीत ओतलेली चूक ओतणाऱ्याला कधीच दिसत नाही. उपाय मात्र आवाक्यातले आहेत. नकाशातली मोकळी जागा, मेनपासून दूर ठेवून, तांब्याच्या जाळीने भरली की खायचं तांबंच कमी होतं. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत जपून पुन्हा पुन्हा वापरता येतं. थकल्यावर त्यात थोडा थोडा धुण्याचा सोडा घालत गेलं, की फेस थांबेपर्यंत बहुतेक तांबं गाळ होऊन तळाशी बसतं. तो गाळ वाळवून सिमेंटमध्ये कोंडावा. एवढं करायची तयारी नसेल, तर घरी बोर्ड करू नये, मग छपाई टोनरची असो की फिल्मची.

तेव्हा त्या तरुणाला उत्तर असं. नमुन्यासाठी टोनर निवड, कारण त्यात तुझी चूक तुझ्याच हाताखाली राहते. पाय जवळजवळ असलेल्या आयसीची गरज पडेल तेव्हा फिल्म शीक. दुसऱ्याच्या पंपावर जाणारा बोर्ड कारखान्याकडून घे. आणि यापुढे नवी रीत समोर आली, तर रेघ किती बारीक येते हे शेवटी विचार. आधी विचार, की हिच्यातली चूक कुणाच्या वाट्याला जाते.